डिझाईन पुरस्काराचा शिक्का आणि गिऱ्हाईकाचा भरवसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात कूलर, चटई, मिक्सर, ठिबकचे सुटे भाग घेणारे आणि बनवणारे अशा दोघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. खोक्यावर 'पुरस्कारप्राप्त डिझाईन' असं छापलेलं दिसलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि असा शिक्का आपल्या मालावर यावा असं वाटत असेल तर काय करायचं, हे इथे सांगितलं आहे.

डिझाईन पुरस्काराचं चिन्ह नेमकं काय सांगतं?

अमुक वर्षी, अमुक गटात आलेल्या वस्तूंमधून परीक्षकांनी ही वस्तू निवडली, एवढंच. वापरायला सोयीची, विचारपूर्वक घडवलेली, दिसायला नीटस असा तो निकाल असतो. शॉक लागणार नाही, दहा वर्षं टिकेल, किंमत वाजवी आहे, सर्व्हिस सेंटर गावात आहे, यातलं काहीही ते चिन्ह सांगत नाही. शिवाय ते मॉडेलला मिळालेलं असतं, कंपनीला नाही. एका पंख्याला पुरस्कार मिळाला म्हणून त्याच कंपनीच्या इस्त्रीवर तो शिक्का लावता येत नाही.

मग आयएसआय, हॉलमार्क, स्टार, जीआय हे सगळं काय आहे?

प्रत्येक चिन्ह एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. आपण मात्र एकाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावतो आणि फसतो.

आयएसआय मार्क सांगतो की वस्तू भारतीय मानकात बसते. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. कूलरसाठी मानक आहे आयएस ३३१५, प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५, ठिबकच्या ड्रिपरसाठी आयएस १३४८७ आणि लॅटरलसाठी आयएस १२७८६. नुसती तीन अक्षरं छापलेली आणि वरखाली आकडा नाही, तर तो मार्क नाही, नक्षी आहे.

हॉलमार्क फक्त सोन्या-चांदीची शुद्धता सांगतो. घडणावळ बरी आहे की कडी कच्ची आहे, ते नाही. बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, स्टार विजेच्या वापराबद्दल असतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, माल कुठल्या भागातला आहे ते सांगतं. जळगावची केळी आणि जळगावचं भरीत वांगं या दोन्हींना २०१६ मध्ये जीआय नोंदणी मिळाली. तो पुरस्कार नव्हे आणि प्रत्येक घडाच्या दर्जाची हमीही नव्हे.

खोक्यांवर सर्वांत जास्त मिरवतात ती दोन चिन्हं आणखी वेगळी आहेत. 'आयएसओ ९००१' हे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दलचं प्रमाणपत्र आहे, वस्तूबद्दलचं नाही. ते आयएसओ ही संस्था स्वतः देतही नाही, प्रमाणन करणाऱ्या बाहेरच्या संस्था देतात. 'सीई' हे युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने केलेलं जाहीर निवेदन आहे आणि बऱ्याच वस्तूंना तिथे तो स्वतःच ते लावतो. जळगावात विकायच्या मिक्सरवर त्याचा उपयोग शोभेपुरता.

टिकाऊपणाची हमी नसेल, तर लोक अशा चिन्हावर विश्वास ठेवतात तरी का?

कारण चांगलं चिन्ह पुष्कळांना मिळत नाही. जे मागेल त्याला मिळतं त्याची किंमत शून्य. ज्यासाठी बरेच जण रांगेत उभे राहतात आणि त्यातले बरेच रिकाम्या हाताने परततात, त्याला वजन येतं. सराफ कसोटीचा दगड जवळ ठेवतो तो खोटं सोनं परत करता यावं म्हणूनच.

जपानचा जी मार्क हे याचं नीट उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल परदेशी वस्तूंची नक्कल करतो अशा तक्रारी बाहेरच्या देशांतून येत होत्या. त्यावर उपाय म्हणून तिथल्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने १९५७ मध्ये चांगल्या डिझाईनची निवड सुरू केली. 'जी' अक्षराचं चिन्ह युसाकू कामेकुरा यांनी केलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची भित्तिपत्रकंही त्यांचीच. १९९८ मध्ये ही योजना सरकारकडून बाहेरच्या संस्थेकडे गेली, ती आजही चालू आहे. नकलेचा डाग पुसायला काढलेलं चिन्ह पुढे घरगुती गिऱ्हाईकाच्या ओळखीचं झालं. ते एका जाहिरातीने झालं नाही. दर वर्षी तोच शिक्का, तीच पद्धत, आणि विजेत्यांची यादी सगळ्यांना बघायला मोकळी, असं दशकानुदशकं चाललं म्हणून झालं.

जर्मनीतला आयएफ हा डिझाईन पुरस्कार १९५३ पासूनचा, इटलीचा कॉम्पासो दोरो १९५४ पासूनचा. जर्मनीतल्याच रेड डॉट पुरस्काराची मुळंही १९५० च्या दशकातलीच, नाव मात्र बरंच नंतर आलं. आपल्याकडे २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाईन धोरण मंजूर झालं, त्यातून इंडिया डिझाईन काउन्सिल उभी राहिली आणि तिने जपानी संस्थेच्या सहकार्याने इंडिया डिझाईन मार्क सुरू केला. लोक त्याला आय मार्क म्हणतात. वयाने तो अजून लहान आहे. दुकानात तो ओळखणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं, त्यामुळे त्याचा अर्थ सांगायचं काम सध्या तरी उत्पादकाच्याच गळ्यात आहे.

परीक्षक वस्तूत काय बघतात?

कूलरच घ्या. मार्च ते जून खान्देशात घरातल्या सगळ्यांचा हात लागतो अशी दुसरी वस्तू नाही.

पहिलं म्हणजे पाणी भरायचं दार. ते बादलीच्या काठाला टेकू देतं का, की भरलेली बादली हवेत धरून ओतावं लागतं? दार मागच्या बाजूला असेल तर खिडकीला लावलेला कूलर रोज पुढे ओढावा लागतो. दाराच्या वरच स्विच असतील तर ओल्या हाताने बटण दाबलं जाणार, हे कागदावरच कळायला हवं होतं. टाकीचा तळ ड्रेन प्लगकडे उतरता आहे का? नसला तर प्लग काढूनही बोटभर पाणी खाली राहतं, मग डास होतात आणि सकाळी वास येतो. प्लग तळाशी आणि चाकं बुटकी, असं असेल तर खाली ताटली सरकवायलाही जागा नसते.

मग पॅड. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यामुळे वुडवूल असो की हनीकोंब, एका उन्हाळ्यात पांढरा थर धरतोच. जाळी खटक्याने निघत असेल तर घरातली कुणीही बाई पॅड धुऊ शकते. आठ स्क्रू असतील तर मिस्त्री येईपर्यंत कूलर दमट हवा फेकत बसतो. पंपाला गाळणी आहे का, आणि ती हात घालून काढता येते का? ५० लिटरची टाकी भरली की ५० किलो वजन नुसत्या पाण्याचं. त्या वजनाने चाक उंबऱ्यावर अडतं का, फरशीच्या सांध्यात फसतं का? पाण्याची पातळी दाखवणारी खिडकी उभ्याने दिसते की वाकून?

रंग, आकार, बटणांवरची अक्षरं हे सगळं यानंतर. पूर्ण निर्णय फक्त फोटोवर होत असेल तर यातलं निम्मं परीक्षकाला कळतच नाही. म्हणून आधी कागदपत्रांवर चाळणी आणि मग प्रत्यक्ष वस्तू हाताळून निवड, अशी दोन टप्प्यांची पद्धत जिथे आहे तिथला शिक्का आम्ही जास्त मानतो. जी मार्कची निवड अशीच होते.

आणि एक गोष्ट परीक्षक तपासत नाही: अर्थिंग. पत्र्याच्या कूलरच्या बॉडीत करंट उतरतो का, हे प्रयोगशाळेचं काम, ते आयएसआयच्या बाजूला. देखण्या कूलरलाही थ्री-पिन टॉप आणि भिंतीत खरं अर्थिंग लागतंच. पाणी ओतताना पिन काढून ठेवा, शिक्का कुठलाही असो.

पुरस्कारासाठी पैसे भरावे लागतात म्हणे. मग तो विकतच घेतलेला झाला ना?

नामांकित आंतरराष्ट्रीय पुरस्कारांनाही अर्जाचं शुल्क असतं. काही ठिकाणी निवड झाल्यावर विजेत्याला वेगळं पॅकेज घ्यावं लागतं: प्रदर्शन, वार्षिक ग्रंथात नोंद, चिन्ह वापरायचा परवाना. रेड डॉटमध्ये तसं आहे. ही रक्कम लहान कारखान्याला जड जाते आणि त्यामुळे चांगल्या वस्तू बाहेर राहतात, ही टीका रास्त आहे. पण पैसे मोजणं आणि निकाल विकत घेणं यात फरक आहे. पैसे भरूनही नकार मिळतो का, हा खरा प्रश्न. मिळत असेल तर ते परीक्षेचं शुल्क, मिळत नसेल तर ती ट्रॉफीची किंमत.

बाजारू पुरस्कार कसा ओळखायचा?

एक दिवस मेल किंवा फोन येतो: "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे." तुम्ही अर्जच केलेला नसतो. मग हॉटेलमधला समारंभ, व्यासपीठावर फोटो, मासिकात पान, आणि शेवटी बिल. विचारून बघा:

परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? मागच्या वर्षीच्या विजेत्यांची पूर्ण यादी, मॉडेलसकट, उघडपणे दिसते का? निकष लिखित आहेत का? वस्तूचा नमुना कुणी मागितला का? नाव काढून घेण्याची तरतूद आहे का?

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. दिलेला शिक्का परत घ्यायची सोयच नसेल तर तो देणाऱ्याला त्याची काळजी नाही.

दुकानात उभ्या उभ्या कसं तपासायचं?

१. चिन्हाशेजारी वर्ष आणि गट लिहिलेला आहे का बघा. 'पुरस्कारप्राप्त' एवढंच असेल तर सोडून द्या.
२. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि वस्तूच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांक जुळवा. एका अक्षराचा फरकही फरकच.
३. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ फोनमध्ये स्वतः टाइप करून उघडा आणि यादीत मॉडेल शोधा. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून आलेल्या पानावर विसंबू नका. क्यूआर कुणीही छापू शकतो.
४. यादीतला फोटो आणि समोरची वस्तू ताडून बघा: झाकण, बटणं, मूठ.
५. विजेची किंवा गॅसची वस्तू असेल तर सीएम/एल क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाका. परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की संपलाय, ते कळतं.

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेताना हीच सवय लागलेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असल्याशिवाय विक्री करता येत नाही, आणि तोच एचयूआयडी त्याच अॅपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. साखळीचा नंबर टाकल्यावर अॅपमध्ये 'अंगठी' आलं तर काय समजायचं ते सांगायला नको.

आमचा चटईचा कारखाना आहे. अर्ज करण्याआधी काय करावं?

आधी डिझाईनची नोंदणी, मग पुरस्कार. हा क्रम उलटा झाला तर पस्तावाल.

डिझाईन कायदा २००० नुसार नोंदणीसाठी डिझाईन नवं असावं लागतं, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. पुरस्काराच्या यादीत फोटो आला, व्हॉट्सअॅपवर कॅटलॉग फिरला, प्रदर्शनात माल मांडला, की नवेपणा गेला. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती सवलत आहे, पण तिथेही आधी कंट्रोलरला, म्हणजे डिझाईन नोंदणीच्या प्रमुख अधिकाऱ्याला, सूचना द्यावी लागते आणि पहिल्यांदा मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. विसरलात तर सवलत नाही.

अर्ज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन जातो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी शुल्क १,००० रुपये आहे, इतरांसाठी ४,०००. चटई वर्ग ०६-११ मध्ये येते, कूलर २३-०४ मध्ये. समोरून, मागून, बाजूंनी, वरून, खालून असे सगळे देखावे द्यायचे आणि नावीन्य नक्षीत आहे की आकारात, ते स्पष्ट लिहायचं. संरक्षण दहा वर्षं, आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला तर आणखी पाच. नोंदणी दिसण्याला मिळते. चटई घडी घालायची युक्ती किंवा विणायचं यंत्र यात येत नाही.

अर्जात लोक कुठे चुकतात?

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे कॅटलॉगचा मजकूर जसाच्या तसा चिकटवणं. 'उत्कृष्ट दर्जा, आकर्षक रंग' वाचून परीक्षकाला काही कळत नाही. अडचण काय होती आणि तुम्ही काय बदललं ते लिहा. प्लॅस्टिकच्या चटईचं पहिलं मरण कोपऱ्यात असतं: पोकळ नळ्यांनी विणलेल्या चटईची कड कापून पट्टीत दुमडतात, शिवण मारतात, आणि कोपऱ्यावर चार थर एकावर एक आले की सुई नळी फोडते. तिथून धागा सुटतो आणि पट्टी उलगडते. तुम्ही कोपरा गोल केला असेल, किंवा पट्टी तिरकी जोडून थर कमी केले असतील, तर तेच लिहा आणि त्याचा जवळून फोटो द्या. दुसरं मरण उन्हाचं. गच्चीवर वाळवणाला टाकलेली चटई यूव्ही स्टॅबिलायझर (ऊन सोसावं म्हणून प्लॅस्टिकमध्ये मिसळतात ते रसायन) कमी असेल तर कडक होते आणि घडीवर तुटते. किती दिवस उन्हात ठेवून बघितली, रंग किती उतरला, शेजारी न वापरलेला तुकडा ठेवून फोटो काढा.

फोटोऐवजी कंप्युटरवर काढलेलं चित्र पाठवू नका. वापरतानाचा एक फोटो हवाच: ओट्यावर, पंगतीत, खाटेवर. मापं, वजन, कच्चा माल, किंमत, बाजारात कधी आली, डिझाईन कुणाचं आणि उत्पादन कुणाचं, हे रकाने रिकामे राहिले की अर्ज चाळणीतच अडकतो. नक्षी बाहेरच्या डिझायनरने केली असेल तर त्याच्याशी लेखी करार आधी करा. निकालानंतर नावावरून भांडण नको. नमुना पाठवताना चटई गुंडाळून नळीत घाला, घडी घालून नाही, वळ्या जात नाहीत. परदेशात पाठवत असाल तर परत येण्याचं भाडं आणि कस्टमचे कागद यांचा हिशेब आधीच धरा.

चिन्ह मिळालं. ते छापायचं कसं?

परवान्यासोबत वापराचे नियम येतात, ते प्रिंटिंग प्रेसच्या माणसाच्या हातात द्या. चिन्हाचा रंग बदलणं, भोवती नक्षी काढणं, आपल्या ब्रँडच्या अक्षरांत मिसळणं, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. चिन्हाजवळ पुरस्काराचं नाव, वर्ष आणि मॉडेल लिहा. पाकिटावर एमआरपी, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती कायद्याने लागते. शिक्क्याने ती झाकली तर वैधमापन (वजन-मापं) निरीक्षकाची गाठ पडेल.

खोक्यावर सात शिक्के ओळीने लावायचा मोह होतो. लावू नका. गिऱ्हाईकाला सातही सारखेच वाटतात आणि मग एकही दिसत नाही. कूलरवर आयएसआय आणि डिझाईनचा एक, पुरे.

मॉडेलमध्ये नंतर बदल केला तर?

रंग वाढवला तर सहसा अडचण नसते, तरी विचारून घ्या. स्वस्त पडावं म्हणून चाकं काढली, खटक्याच्या जागी स्क्रू आणले, तर ती पुरस्कार मिळालेली वस्तू राहिली नाही. शिक्का उतरवा.

चिन्ह असलेली वस्तू खराब निघाली तर जबाबदार कोण?

विक्रेता आणि उत्पादक. बिल नीट ठेवा, खोक्यावरच्या चिन्हाचा फोटो काढून ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. न मिळालेल्या पुरस्काराचा दावा केला असेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत.

खान्देशातल्या चटईवाल्यांनी मिळून आपलंच चिन्ह काढलं तर?

काढता येतं, आणि आमच्या मते दूरच्या ट्रॉफीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ मध्ये दोन वाटा आहेत. सामूहिक चिन्ह संघटनेच्या नावावर असतं आणि सभासद ते वापरतात. प्रमाणन चिन्हात मालक स्वतः त्या मालाचा धंदा करू शकत नाही, त्याने फक्त तपासायचं. गिऱ्हाईकाचा भरवसा दुसऱ्या वाटेवर लवकर बसतो, कारण तपासणारा आणि विकणारा एक नसतो.

दोन्हीत नियमावली द्यावी लागते. त्यात लांबी-रुंदी छापलेल्या मापाशी जुळते का, कोपरा किती ओढीला सुटतो, किती दिवसांच्या उन्हात रंग उतरतो, अशा मोजता येतील अशा अटी घाला. नमुना कारखान्यातून नको, दुकानातून घ्या, आणि विकत घ्या. पहिल्या वर्षी खरी परीक्षा येते ती संघटनेच्या एखाद्या वजनदार सभासदाचा माल नापास होतो तेव्हा. तिथे भाऊबंदकी बघितली, की पुढच्या हंगामात जळगावच्या गोलाणी मार्केटपासून आठवडे बाजारापर्यंत सगळ्यांना ते कळलेलं असतं.

चिन्हाचा अर्थ लेबलवर मराठीत लिहिला तर चालेल?

चालेल, आणि लिहाच. कायद्याने लागणारी माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत हवी, त्याच्या जोडीला मराठी घालायला कुणाची ना नाही. एक ओळ पुरते: "२०२४ साली अमुक संस्थेने हे मॉडेल वापरायला सोपं म्हणून निवडलं." वर्ष खरं, मॉडेल खरं, आणि 'सर्वोत्तम' हा शब्द नाही.